जखमेचे वय

पायाला जखम दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘कशाने लागले?’ पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरपट्टीत या प्रश्नाचे उत्तर कायम तयार असते. काटा रुतला, कोयता निसटला, दगडाला ठेच लागली, चुलीवरचा टोप कलंडला, आवणीच्या चिखलाने चिखल्या झाल्या, राब भाजताना धग लागली. उत्तर मिळाले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. ते बहुतेक वेळा खरेही असते, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. ‘कधीपासून?’ हा तो प्रश्न. कातडीच्या कर्करोगाबद्दलची ही पुस्तिका आशाताई, परिचारिका, आश्रमशाळांतले शिक्षक आणि घरातली मोठी माणसे यांच्यासाठी आहे. त्या रोगाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ असले, तरी या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आपल्या भागात हा रोग वेळेवर ओळखायचा असेल, तर जखमेचे कारण शोधण्यापेक्षा तिचे वय मोजायला शिकले पाहिजे. कारण खरे असूनही जखम घातक असू शकते. वय मात्र सहसा फसवत नाही.

हा आग्रह धरावा लागतो, कारण या रोगाचे जे चित्र जगभर पसरले आहे ते आपल्या कातडीवरून काढलेलेच नाही. ते गोऱ्या माणसांच्या देशांतले आहे. ऑस्ट्रेलियात या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक समजले जाते. तिथे १९८१ साली अंगभर सदरा घाला, क्रीम लावा, डोक्यावर टोपी ठेवा असे सांगणारी मोहीम सुरू झाली आणि ती योग्यच होती. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी संशयास्पद तीळ ओळखण्याची सोपी खूण दिली : दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही, आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा. हेच चित्र भाषांतरित होऊन आपल्या भित्तिपत्रकांवर येते आणि नागलीच्या शेतात उभा जन्म घालवलेल्या माणसाला वाटते, हे आपल्यासाठी नाही. त्यात त्याची चूक नाही. सावळ्या आणि काळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून मोठे संरक्षण देते, आणि उन्हाने होणारे कातडीचे कर्करोग आपल्याकडे थोडे आढळतात त्याचे कारण तेच. ज्यांच्या कातडीत जन्मतःच हे रंगद्रव्य नसते, ज्यांचे केस, पापण्या आणि अंग पांढरेफटक असते, त्यांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. त्यांना ऊन खरोखरच जाळते, आणि अशा मुलाला टोपी, लांब बाह्या आणि सावलीतले काम देणे हे औषधाइतकेच गरजेचे आहे. बाकीच्यांना ‘उन्हापासून जपा’ एवढेच सांगून थांबलो, तर जिथे धोका आहे ती जागा सोडून आपण दुसरीकडेच बोट दाखवतो. ती जागा बहुधा उन्हाआड असते. पायाचा तळवा, नखाखालचे मांस, जुन्या भाजल्याचा वण, वर्षानुवर्षे वाहणारी जखम आणि जिथे काहीतरी रोज घासते अशी कंबर.

भाजल्याच्या वणाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती इथल्या रोजच्या जगण्याला सर्वांत जवळची आहे. जाँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यवैद्याने १८२८ साली जुन्या वणांवर वाढणाऱ्या व्रणांचे वर्णन केले, आणि पुढे त्यांतल्या कर्करोगालाच त्याचे नाव चिकटले. भाजल्याची जखम भरते तेव्हा जी नवी कातडी येते ती मूळच्या कातडीसारखी नसते. ती पातळ, ताणलेली आणि ठिसूळ असते, तिच्यात रक्तवाहिन्या कमी असतात, शरीराचे पहारेकरी म्हणाव्यात अशा पेशी तिथवर नीट पोचत नाहीत. गुडघ्यामागे किंवा घोट्यावर असा वण असेल तर प्रत्येक बैठकीला तो ताणला जातो आणि फाटतो. फाटले की शरीर पुन्हा पेशी तयार करते, पुन्हा फाटते, पुन्हा तयार करते. अनेक वर्षे चाललेल्या या शिवणकामात एखादी पेशी कधीतरी चुकीची निपजते आणि थांबायचे विसरते. भाजणे आणि कर्करोग यांच्यामधले अंतर सरासरी तीस वर्षांच्या आसपास असते. म्हणजे रांगत्या वयात चुलीत हात गेलेली मुलगी स्वतःची मुले मोठी करण्याच्या वयात आली की हा धोका डोके वर काढतो, आणि तोवर तो वण तिच्या अंगाचा इतका भाग झालेला असतो की त्यावर नवे काही उगवले आहे हे तिला स्वतःलाही वेगळे वाटत नाही. ‘ते लहानपणचं आहे’ हे तिचे उत्तर शंभर टक्के खरे असते. पण वण लहानपणचा आहे आणि त्यावरची उघडी जखम गेल्या दिवाळीनंतरची. एकाच जागेवर ही दोन वेगळी वये आहेत, आणि ती वेगळी मोजायला कुणीतरी शिकवावे लागते.

धगीने आणि घर्षणाने होणाऱ्या कर्करोगाचा इतिहास तर आपल्याच देशात लिहिला गेला. काश्मीरमध्ये थंडीत फेरण या सैल अंगरख्याच्या आत धरलेल्या कांगडीच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीच्या, धगीने पोटावर आणि मांड्यांवर कर्करोग होतो, हे एल्मस्ली या डॉक्टरने १८६६ मध्येच नोंदवले होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली राहणी आणि कर्करोग यांच्या संबंधावरच्या एका निबंधात धोतराच्या कर्करोगाचे वर्णन केले. धोतराची गाठ कमरेला जिथे आयुष्यभर आवळली जाते, तिथल्या कातडीवरचा हा रोग. पुढे साडीच्या बाबतीतही तेच दिसले. २०२४ च्या शेवटी वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णवृत्तांत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. नऊवारीच्या आत परकराची नाडी कमरेला घट्ट बांधण्याची सवय, आणि उजव्या कुशीवर दुखरी जखम, अठरा महिने न भरलेली. दुसरी साठी उलटलेली. ती परकराशिवाय लुगडे नेसायची, चाळीस वर्षे कमरेला तसेच कसून बांधलेले, आणि जखम दोन वर्षांची. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. दोघींच्याही जखमेचे कारण डोळ्यांसमोर होते, हातात होते, ते त्या रोज स्वतःच बांधत होत्या. अठरा महिने आणि दोन वर्षे हे आकडे मात्र कुणी त्यांच्यासमोर वेळेत मांडले होते का, हे ठाऊक नाही. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी बायकांच्या पिढ्यानुपिढ्या कमरेला कसलेल्या लुगड्यात शेतात वाकल्या आहेत. लुगड्याला नावे ठेवायची नाहीत आणि कुणाला घाबरवायचेही नाही. असा रोग अगदी विरळा आहे. पण कमरेवरचा काळवंडलेला, जाड झालेला पट्टा जिथे सोलवटला आणि महिन्याभरात सुकला नाही, तिथे गाठ दोन बोटे वर किंवा खाली बांधणे आणि जखम दाखवणे, एवढे तर सहज जमण्यासारखे आहे.

तळव्याचा मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, हा याहून फसवा आहे. कातडीच्या कर्करोगांत मेलानोमा हा सर्वांत लवकर पसरणाऱ्यांपैकी एक, आणि सावळ्या माणसांत तो होतो तेव्हा त्याची आवडती जागा तळवा, तळहात आणि नखे हीच असते. ऊन तिथे फारसे पोचत नाही. दाब आणि घासण्याचा त्याच्याशी काही संबंध असावा असे काही अभ्यासांतून सुचते, पण ते पक्के ठरलेले नाही, आणि अनवाणी चालल्याने कर्करोग होतो असा प्रचार कुणी करू नये. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हा रोग सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. जगभर नाव, हाताशी उत्तमातले उत्तम डॉक्टर, आणि तरीही सुरुवातीची फसगत तीच : दिसणारे कारण आधी पटले. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी काटा असतो. तळव्यावरच्या काळ्या ठिपक्याला लोक रुतून राहिलेला काटा म्हणतात, जाड होत गेलेल्या भागाला कुरूप किंवा चामखीळ म्हणतात, नख काळे झाले की दगड पडला होता असे आठवते, आणि टाचेवरची चीर ही जळवातच असते. कुरूप ब्लेडने तासले जाते, त्यावर बिब्ब्याचे तेल लावले जाते. बिब्बा स्वतः कातडी भाजतो, मग ती भाजलेली जखम खालचा मूळ ठिपका झाकून टाकते. वरवर पाहून काटा, कुरूप आणि कर्करोग यांतला फरक अनुभवी डॉक्टरलाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही. शिवाय सावळ्या लोकांच्या तळव्यांवर निरुपद्रवी काळसर डाग असतात, नखांत उभ्या तपकिरी रेघा असतात, आणि मेलानोमा कधीकधी काळा नसून गुलाबी, ओल्या मांसासारखाही असतो. रंगावर भिस्त ठेवली तर दोन्ही बाजूंनी चूक होते. पण दगड पडून काळे झालेले नख पुढे सरकते, आणि काही महिन्यांत काळेपणा नखाबरोबर कापला जातो. जी काळी रेघ सरकत नाही, रुंदावते आणि नखाच्या मुळाजवळच्या कातडीवर उतरते, ती वेगळी. काटा निघतो किंवा पिकून बाहेर पडतो. फरक दिसतो तो दिवस मोजल्यावर.

दिवसांचे एवढे मोल का, हे मिलिमीटरच्या भाषेत सांगता येते. मेलानोमा कातडीत किती खोल गेला आहे यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते, हे अलेक्झांडर ब्रेस्लो या डॉक्टरने १९७० साली दाखवून दिले. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना तो कापून काढला तर दहांतले नऊ आणि त्याहूनही अधिक रुग्ण पुढची पाच वर्षे पार करतात, बहुतेक जण कायमचे बरे होतात. खोल गेला, दूर पसरला, की हे गणित उलटते. आपल्याकडे कातडीच्या कर्करोगांत बहुधा सर्वांत जास्त आढळणारा स्क्वॅमस सेल प्रकार त्यामानाने संथ. लहान असताना कापला तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच संपतो. मात्र जुन्या वणावर उगवलेला हाच प्रकार गाठींपर्यंत पसरण्याची शक्यता जास्त असते. पायाच्या जखमेबरोबर जांघेत गाठ आली की आपण ‘अवधाण आले’ म्हणतो. जखम पिकली की अवधाण येते, जखम बरी झाली की बसते, हे अनुभवाचे ज्ञान अगदी बरोबर आहे. ज्या अवधाणाला ताप नाही, दुखणे नाही, जे टणक आहे आणि महिना उलटला तरी बसत नाही, त्याला मात्र त्या नावाखाली सोडून देऊ नये. तोवर कातडीवरची गोष्ट कातडीपुरती राहिलेली नसते.

आता प्रश्न असा की जखमेचे वय हरवते कुठे? माणूस विसराळू असतो म्हणून नव्हे. जव्हार-मोखाड्यातली लोकसंख्या नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी आहे, शेती मुख्यतः पावसावरची, आणि भात-नागली-वरई घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा भागातल्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भाद्रपदात सुरू झालेली जखम गावच्या भगताला दाखवली जाते, तो पाला बांधतो. कार्तिकात ती भट्टीजवळच्या दवाखान्यात जाते, तिथे सुई आणि मलम मिळते. फाल्गुनात दुसऱ्या भट्टीवर दुसरा डॉक्टर, पुन्हा सुई आणि मलम. ज्येष्ठात गावी आल्यावर आरोग्य केंद्रात ड्रेसिंग होते. यांतल्या प्रत्येकाने आपापल्या जागी वाजवी काम केले असेल, पण प्रत्येकाच्या दृष्टीने जखम त्या दिवशी जन्मली. नऊ महिन्यांची जखम चार ठिकाणी चार वेळा ताजी ठरली. रुग्णांच्या हकिकती ऐकताना ‘उशीर केला’ हा शब्द रुग्णाच्या नावावर सहज टाकला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. यातल्या कितीतरी माणसांनी जखम लपवली नव्हती, पुन्हा पुन्हा दाखवली होती. साखळीतल्या कुणाच्याही हातात सुरुवातीची तारीख नव्हती, एवढेच.

ती तारीख धरून ठेवू शकेल असा माणूस गावात आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात तोंडातला न भरणारा व्रण विचारलेला आहे, आणि तळहातावर किंवा तळव्यावर वारंवार जखमा होतात का हेही विचारलेले आहे. हा दुसरा प्रश्न कुष्ठरोग शोधण्यासाठी घातलेला. पालघर हा कुष्ठरोगाचे प्रमाण अजून लक्षणीय असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि शोध मोहिमेत आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरोघरी जाऊन अंगावरचे बधिर चट्टे तपासतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी कुणीतरी जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या पाड्यावर अंगणात बसून माणसाची कातडी पाहते आहेच. बधिर पायावरच्या जुनाट व्रणातही कर्करोग उद्भवू शकतो, म्हणजे हे दोन विषय शरीरातही शेजारी आहेत. मग त्याच बैठकीत ‘चट्टा बधिर आहे का’ यानंतर ‘जखम कधीपासून आहे’ हा एक प्रश्न वाढवणे आणि उत्तर लिहून ठेवणे, याला नवी योजना लागत नाही.

गावातल्या साध्या शिक्षणाच्या स्त्रिया कर्करोगाच्या कामात कितपत उपयोगी पडतील, ही शंका नेहमी घेतली जाते. तिला महाराष्ट्रानेच उत्तर दिले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर जो प्रयोग केला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरचा बोळा लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या रोगाने होणारे मृत्यू एकतीस टक्क्यांनी घटले. बार्शीचा अनुभव मला याहूनही बोलका वाटतो. १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल रुग्णालयाच्या आधाराने ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरताना लक्षणांबद्दल बोलत राहिले. एवढ्यानेच, कुठलेही यंत्र न आणता, गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत घेऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढल्याचे पुढच्या काही वर्षांत दिसले. जो अवयव डोळ्यांना दिसत नाही त्याबाबत हे घडले. इथे तर रोग उघड्या कातडीवर आहे.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळू नये. ज्या तालुक्यात वावर-वांगणीत १९९२च्या सुमारास कुपोषणाने मुले दगावली, जिथे आजही बाळंतपण, क्षय, सिकलसेल आणि सर्पदंश यांची चिंता रोजची आहे, तिथे भारतातल्या सगळ्या कर्करोगांत एक टक्क्याहूनही कमी असलेल्या रोगासाठी आशाताईच्या डोक्यावर आणखी एक ओझे का? वेगळी मोहीम, वेगळी वही, वेगळा दिवस मागितला असता तर मीही हा आक्षेप घेतला असता. पण महिनाभर न भरणाऱ्या जखमेच्या मागे कर्करोग क्वचितच असतो, बाकी काहीतरी मात्र बहुधा असतेच : कुष्ठरोग, मधुमेह, कातडीचा क्षय, खराब रक्तपुरवठा, शरीरात रक्त आणि प्रथिने कमी पडणे. सिकलसेलच्या रुग्णांच्या घोट्यावरच्या जखमाही महिनोन्‌महिने भरत नाहीत. म्हणून जखमेचे वय विचारणे हे कर्करोगाच्या खात्यातले काम नाहीच. ते आधीच चाललेल्या सगळ्या कामांना उपयोगी पडते, आणि त्यातून एखादा कर्करोग वेळेत हाती लागतो.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. निरोगी माणसांची कातडी तपासत सुटल्याने मृत्यू कमी होतात याचा पुरावा पुरेसा नाही, असे अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. जर्मनीने २००८ पासून देशभर अशी तपासणी सुरू केली, पण मेलानोमाचे मृत्यू त्यामुळे ठळकपणे खाली आले असे दाखवता आलेले नाही. उलट कधीच त्रास दिला नसता असे डाग कापले जातात, माणसे विनाकारण घाबरतात. हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येक तीळ मोजा असे या पुस्तिकेत कुठेही म्हटलेले नाही. ज्याला काहीच त्रास नाही त्याला शोधत जाणे ही एक गोष्ट, आणि ज्याच्या पायाला उघडी जखम आहे त्याला दहाव्या महिन्याऐवजी दुसऱ्या महिन्यात योग्य माणसासमोर नेणे ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनाही या दोहोंत स्पष्ट फरक करते. पहिलीला मोठा खर्च आणि मोठा पुरावा लागतो. दुसरी म्हणजे चांगल्या वैद्यकाचे नेहमीचे काम.

भीतीचा आक्षेप मी वेगळा घेतो. कर्करोगाचे नाव काढले की लोक आरोग्य केंद्राकडे फिरकणार नाहीत, भगताकडेच जातील, असे म्हणतात. नाव काढायची गरजच काय? ‘एवढे दिवस झाले, आता दाखवून येऊ’ हे वाक्य पुरते, आणि ते खरेही असते, कारण निदान अजून झालेले नसते. भगताला या कामात विरोधक मानणे मला अजिबात पटत नाही. गावातली जखम सर्वांत आधी तो पाहतो, आणि सर्वांत जास्त वेळा तोच पाहतो. पाल्याने जखम भरली नाही हे त्यालाच पहिल्यांदा कळते. त्याला हटवण्यापेक्षा ‘चार बाजार झाले तरी खपली धरली नाही, तर आम्हाला सांगा, बाबा’ असे मानाने म्हटले, तर साखळीतला पहिला दुवा आपल्या बाजूने येतो. आठवड्याचा बाजार हे इथल्या प्रत्येकाचे घड्याळ आहे, आणि चार बाजार म्हणजे चार आठवडे. फक्त डाग देणे आणि बिब्बा लावणे याला त्याने आणि आपण सर्वांनी ठाम नाही म्हटले पाहिजे, कारण त्यातून जुन्या जखमेवर नवी भाजलेली जखम तयार होते.

सर्वांत कठीण प्रश्न यापुढचा. वय कळले, संशय आला, पुढे काय? जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. पण परळचे टाटा मेमोरियल दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे, आणि तिथे जायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी, एसटी, लोकल आणि मुंबईत मुक्कामाची जागा. माणूस ‘पुढच्या वेळी जाऊ’ म्हणतो तो आळसाने नव्हे. म्हणून पहिली फेरी माणसाची न होता बाटलीची व्हावी, असे मला कळकळीने वाटते. संशयित व्रणाच्या कडेचा तुकडा काढायला जागा बधिर करणारे इंजेक्शन, तीन-चार मिलिमीटरचे गोल पाते किंवा साधे शस्त्र आणि एक टाका पुरतो. तुकडा फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत ठेवला की तो दिवसचे दिवस टिकतो आणि प्रवास करू शकतो. काळ्या ठिपक्याचा संशय असेल तर शक्यतो तो पूर्ण काढून पाठवायचा असतो, आणि तो निर्णय डॉक्टरचा. बाटली प्रयोगशाळेत जाईल, अहवाल परत येईल, आणि ज्याला खरोखर गरज आहे तोच लांबचा प्रवास करेल, तोही हातात कागद घेऊन आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बिनपैशांच्या उपचाराची सोय आधी विचारून. ही व्यवस्था सर्वत्र सुरळीत आहे असा दावा मी करत नाही. पण ज्याची जखम सहाव्या आठवड्यात नोंदवली आहे त्याचे काम तालुक्याच्या ठिकाणी छोट्या शस्त्रक्रियेवर भागण्याची शक्यता आहे. नवव्या महिन्यात मात्र पाय कापण्याची भाषा सुरू होते. व्यवस्था अपुरी आहे हे लवकर पाहू नये याचे कारण होऊच शकत नाही. जिथे मोठ्या शस्त्रक्रियेची सोय लांब आहे, तिथे रोग लहान असतानाच सापडण्याची गरज सर्वांत जास्त असते.

हे पाहणे म्हणजे हाताने नेमके काय करणे, तेही सांगतो. पाय आधी धुतलेला हवा, कारण चिखल आणि राखेखाली काहीच दिसत नाही. दाराच्या उंबऱ्याशी, उजेडात, माणसाला बसवून तळवा वर करायचा. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडायच्या, मग नखे, घोटा, आणि जुना वण असेल तर त्याची पूर्ण कड. व्रणाची कड बोटाने चाचपली की साधी जखम मऊ आणि उताराची लागते. संशयित कड उचललेली, वळलेल्या दोरीसारखी घट्ट असते, मधला भाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दाणेदार, हात लागताच रक्त येणारा, वास वेगळा, आणि दुखणे त्यामानाने कमी. नंतर जांघेत हात लावून गाठ पाहायला सांगायचे. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, तेव्हा म्हाताऱ्यांचे पाय नातवंडांनी पाहावेत. आश्रमशाळेतल्या मुलांना हे एकदा दाखवले तर सुट्टीत घरी गेल्यावर ती सगळ्यांचे पाय पाहून मोकळी होतात.

यासाठी वर्षातले दोन दिवस पुरतील. एक दिवाळीच्या पुढचा, कुटुंबे भट्टीवर निघण्याआधीचा, आणि दुसरा ती परतल्यावर, पहिल्या पावसाच्या तोंडावरचा. पहिल्या दिवशी जी जखम दिसेल तिची सुरुवात विचारायची. तारीख आठवत नसेल तर सण विचारायचा : नागपंचमीच्या आधी की पोळ्यानंतर, आवणीत की कापणीत. त्यावरून महिना निघतो. तो महिना, जखमेची जागा आणि आज ती किती मोठी आहे हे आपल्या वहीत लिहायचे, आणि त्याच तीन गोष्टी एका जाड कागदावर लिहून त्या माणसाच्या हातात द्यायचे. रेशनकार्ड आणि आधार ज्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भट्टीवर जाते, तो कागद त्याच पिशवीत गेला पाहिजे. तिथला डॉक्टर कोणीही असो, त्याने सुई भरण्याआधी तो कागद उघडला तर ‘उजवा तळवा, भाद्रपद, चिंचोक्याएवढी’ एवढे त्याच्या डोळ्यांसमोर असेल, आणि ती जखम त्या दिवशी जन्मलेली नसेल.